घाईचा बाप्तिस्मा : मोनोमोटापाच्या राजापासून बोध

बाप्तिस्मा मागणाऱ्यास आधी किती शिकवावे, हा प्रश्न आपल्या खेड्यांतील उपदेशकांपुढे वारंवार येतो. त्याविषयी आफ्रिकेतील एका राजाचा वृत्तांत मननीय आहे.

गोन्सालो द सिल्वेरा हे गोव्यातील जेझुइट संघाचे प्रांताधिकारी राहिलेले धर्मगुरू. सन १५६० च्या आरंभी ते गोव्याहून जहाजाने आफ्रिकेस निघाले, आणि वर्षअखेरीच्या सुमारास झांबेझी नदीच्या दक्षिणेस, सोन्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या मोनोमोटापाच्या दरबारी पोहोचले. तरुण राजा नेगोमो याने त्यांस सोने व गुरे देऊ केली. त्यांनी ती नाकारली. सोन्यासाठीच येणारे पोर्तुगीज ठाऊक असलेला राजा चकित झाला.

सिल्वेरांस तेथील भाषा येत नव्हती. अंतोनियो कायादो नावाचा पोर्तुगीज व्यापारी दुभाष्याचे काम करी. त्यांनी राजास मरियेचे चित्र दिले. ती आपणाशी स्वप्नात बोलते, पण तिची भाषा कळत नाही, असे राजा म्हणाला, असे वृत्तांतांत नमूद आहे. महिनाही पुरता लोटला नाही तोच राजा, त्याची माता व पुष्कळ दरबारी यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे काय झाले? व्यापार हातचा जाईल या भयाने किनाऱ्यावरील मुसलमान व्यापाऱ्यांनी राजाच्या कानी घातले की, हा पुरुष हेर व जादूगार आहे. राजाने ते खरे मानले. मार्च १५६१ मध्ये सिल्वेरांचा वध झाला. त्या मृत्यूचे निमित्त करून पोर्तुगालने सन १५६९ मध्ये फ्रान्सिस्को बारेतो याजबरोबर सैन्य धाडले. त्यातील बहुतेक ज्वराने मेले, व बारेतोही १५७३ मध्ये मरण पावला.

सिल्वेरांचे धैर्य व निर्लोभीपणा निःसंशय थोर होता. उणीव शिक्षणाची होती. कोणी म्हणेल, कुशी षंढाचा बाप्तिस्मा तर एकाच दिवशी झाला. खरे, परंतु तो यशयाचे पुस्तक आधीच वाचीत होता, व फिलिप्पाने त्यास अर्थ उलगडून सांगितला. दिवस मोजू नयेत, समज पाहावी. मृगाच्या एका सरीवर घाईने पेरलेले बी उगवते, पण पाऊस उघडताच करपते, हे वऱ्हाडातील कोणता शेतकरी जाणत नाही?

मननासाठी प्रश्न :
१. राजाने बाप्तिस्मा का घेतला असावा?
२. आपल्या गावातील उमेदवारास त्याच्या बोलीत शिक्षण मिळते काय?
३. निंदा कानी आल्यास तो टिकेल काय?