रोग्याच्या उशाशीं मिळालेला धडा

इंग्लंडांत स्टड घराण्यांतले जॉर्ज, चार्ल्स आणि किनॅस्टन हे तीन भाऊ क्रिकेटच्या खेळांत नामांकित होते. १८८२, १८८३ व १८८४ सालीं ते अनुक्रमें केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे कप्तान झाले. जॉर्ज व चार्ल्स इंग्लंडच्या संघांतून ऑस्ट्रेलियांतही खेळून आले.

पुढें जॉर्ज इतका आजारी पडला कीं तो वांचेल अशी आशा उरली नाहीं. चार्ल्स त्याच्या उशाशीं बसे. त्यानें पूर्वींच प्रभूला ओळखलें होतें. परंतु खेळाच्या कीर्तींत ती प्रीति थंड झाली होती. आतां मरणाच्या दारीं ही कीर्ति व ही संपत्ति काय कामाची, हा प्रश्न त्याच्या मनाला टोंचूं लागला. जॉर्ज बरा झाला. चार्ल्स जागा झाला. १८८५ सालीं तो सुवार्तेसाठीं चीनला गेला. १९०० ते १९०६ पर्यंत आपल्या देशांत उटकमंड येथें त्यानें पाळकपण केलें. जॉर्जही लॉस एंजेलिस शहरांत सुवार्तेची सेवा करून १९४५ सालीं प्रभूमध्यें निजला.

खेड्यांत कोणी आजारी पडला कीं लोक विचारतात, ह्याचें कोणतें पाप फळास आलें? आम्हीही कधीं मनांत तेंच म्हणतों. प्रिय उपदेशक बंधूंनो, तो न्याय आपला नव्हे. प्रत्येक रोगी बरा होतोच असेंही नाहीं. तरी त्याच्या औषधपाण्याची सोय पाहावी, त्याजबरोबर प्रार्थना करावी, आणि त्याचें पाप न शोधतां आपलेंच अंतःकरण शोधावें.