वाऱ्याखालचा काठ आधी बघा: विंडसर्फिंग शिकायला तलावातली जागा कशी निवडायची



आजचा धडा जाळ्याचा नाही, बियाण्याचाही नाही. पण आपल्याच पाण्याचा आहे.

हैदराबादच्या हुसेनसागरावर दर पावसाळ्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर सेलिंग शिकवलं जातं. तिथेच तयार झालेल्या देवासकडच्या नेहा ठाकूर या शेतकऱ्याच्या मुलीने २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत इबाद अली यांना विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळालं. विंडसर्फिंग १९८४ पासून ऑलिंपिकमध्येही आहे. तेव्हा आपल्या घरातली पोरं उद्या म्हणाली, "आम्हालाही शिकायचंय," तर नवल नाही. किंवा शहरातली मंडळी फळी घेऊन आपल्या काठावर येतील आणि पहिला प्रश्न आपल्यालाच विचारतील, "दादा, इथे उतरलं तर चालेल का?"

या प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं म्हणून हा धडा.

आधी फळी समजून घेऊ

विंडसर्फिंगमध्ये एक लांब-रुंद फळी असते. तिच्यावर सगळ्या बाजूंना कलणारी डोलकाठी आणि तिला एक शीड. मध्ये हाताने धरायचा आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. फळीच्या खाली मागच्या टोकाला फिन असते. शिकाऊ फळीला मधोमध आणखी एक पाती खाली सोडतात, त्यामुळे ती आडवी घसरत नाही. सुकाणू नाही, वल्हं नाही. शीड पुढे-मागे कलवूनच दिशा बदलायची.

मुरलेला माणूस ही फळी वाऱ्याच्या तोंडाकडे तिरकी तिरकी नेत परत जागेवर आणतो. शिकणाऱ्याला पहिले काही दिवस हे जमत नाही. तो उभा राहतो, पडतो, दोरीने शीड वर ओढतो, पुन्हा पडतो. आणि या सगळ्या वेळात वारा त्याला ढकलत असतो. फळी ताशी फक्त २ किलोमीटरने वाहत गेली, तरी १५ मिनिटांत तो अर्धा किलोमीटर दूर गेलेला असतो.

म्हणून या धड्याचं मुख्य सूत्र एकच. शिकणारा उतरतो तो काठ नंतर बघा. वारा त्याला जिथे नेऊन सोडणार, तो काठ आधी बघा. आपण त्याला वाऱ्याखालचा काठ म्हणू. तो काठ उथळ, मोकळा, चालत बाहेर येता येईल असा असेल तरच जागा शिकायला बरी. तिथे बंधारा, दगडी भिंत, दलदल किंवा जलपर्णी असेल, तर अलीकडचा काठ कितीही छान दिसू दे, ती जागा सोडा.

पायरी १: वारा कुठून कुठे

आपल्याला हे शिकवावं लागत नाही. इंजिन बंद पडलेली होडी कुठे जाऊन लागते, ते आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी नव्या जागी एक सोपी चाचणी करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन पाण्यात सोडा आणि तो कुठे लागतो ते होडीतून बघत जा. जिथे लागेल तो वाऱ्याखालचा काठ. कॅन परत आणायला विसरू नका.

काठाच्या हिशेबाने वारे तीन तऱ्हेचे.

काठाकडे येणारा वारा पडलेल्या माणसाला परत आणून सोडतो. निघायला त्रास होतो, पण माणूस हरवत नाही.

काठाला समांतर, किंचित काठाकडे झुकलेला वारा शिकायला सगळ्यात चांगला. जाता येतं, येता येतं, आणि चुकलं तरी काठच लागतो.

काठाकडून पाण्याकडे जाणारा वारा नवख्याला फसवतो. मागे टेकडी किंवा झाडी असली की काठाजवळ पाणी आरशासारखं शांत दिसतं. माणूस म्हणतो, आज वारा नाहीच. आडोसा संपला की वारा एकदम भरतो आणि फळी मधल्या पाण्याकडे निघते. असा वारा असेल त्या दिवशी नवख्याला उतरू देऊ नका.

हुसेनसागराचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडचा, आणि त्या तलावाच्या पूर्वेला टँक बंडची दगडी भिंत. पश्चिमेच्या काठावरून सुटलेली फळी शेवटी त्या भिंतीकडेच जाणार. शर्यतीतल्या मुरलेल्या खेळाडूंना त्याची अडचण नाही, शिवाय त्यांच्या मागे मदतीच्या होड्या असतात. नवख्याने तिथे शिकायचं तर शिकवणाऱ्यांच्या नजरेखालीच. आपला तलाव लहान असो की मोठा, असाच नकाशा मनात मांडायचा: वारा या बाजूचा, भिंत त्या बाजूची, मग फळी कुठे जाणार?

पायरी २: आडोसा किती लांब ठेवायचा

झाडं, इमारती, टेकडी ओलांडून आलेला वारा तुटक येतो. एक झोत, मग काहीच नाही, मग उलटा झोत. साधा हिशेब असा की आडोशाच्या उंचीच्या निदान १० पट अंतरापर्यंत वारा बिघडलेला असतो. १० मीटर उंच झाडांची रांग असेल तर पुढच्या १०० मीटरपर्यंत शिकणारा सारखा पडणार. पाण्यावरच्या सुरकुत्या बघा. एकसारख्या असतील तर वारा सरळ आहे. ठिपक्याठिपक्यांनी गडद-फिक्या दिसत असतील तर वारा तुटका आहे.

पायरी ३: तळ तपासा

शिकणाऱ्याला कमरेपासून छातीपर्यंत पाणी हवं. पडला तर उभं राहता येतं आणि फळीची पातीही तळाला लागत नाही. गुडघाभर पाणी धोक्याचं, कारण पडताना घोटा मुरगळतो. असं कमर-छातीचं पाणी काठापासून निदान ५० मीटरपर्यंत मिळालं तर उत्तम.

धरणाच्या पाण्यात तळ फसवा असतो. बुडीत गावाच्या भिंती, विहिरी, झाडांचे बुंधे खाली तसेच असतात. बेळगाव जिल्ह्यात हिडकलच्या जलाशयात बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ पाणी उतरलं की उघडं पडतं. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली काय काय असतं, हे आपण जाळी फाडून घेऊन शिकलेले लोक आहोत.

म्हणून तळाची पाहणी उन्हाळ्यात करायची. पाणी उतरलेलं असतं तेव्हा बुंधे, खडक, जुने खांब दिसतात. त्यांची जागा काठावरच्या खुणांवरून किंवा मोबाइलवर नोंदवून ठेवा. पाणी भरल्यावर तिथे तरंगता डबा बांधा. शिकवायची जागा ठरली की दोन होड्यांमध्ये वजन लावलेली दोरी तळावरून ओढत न्या. अडकली तर खाली काहीतरी आहे. बांबूवर गुडघा, कंबर, छाती अशा खुणा करून खोली मोजा. गणेश विसर्जनाच्या घाटाजवळ तर नकोच, मूर्तींच्या सांगाड्यांच्या सळ्या तळाला राहिलेल्या असू शकतात.

पायरी ४: या जागा सरळ वगळा

• धरणाचे दरवाजे, सांडवा, कालव्याचं तोंड. पाणी कधी सुटेल याचा भरवसा नाही. वाऱ्याखाली यातलं काही असेल तर अर्धा किलोमीटरही कमीच समजा.

• वरून गेलेल्या विजेच्या तारा. डोलकाठी चार मीटरच्या वर उंच असते आणि तिच्यात कार्बन असेल तर वीज वाहते. काठावर शीड जोडून चालत नेतानाही वर बघा.

• शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी. पाण्यात सोडलेली केबल कुठे सोललेली आहे हे कुणी सांगू शकत नाही.

• मगरी असलेलं पाणी. बडोद्याकडच्या मंडळींना सांगायला नको. विश्वामित्रीत मगरी आहेत, आजवा सरोवरातही आहेत. सतत पाण्यात पडणारा नवखा माणूस आणि मगर एका पाण्यात नकोत.

• जलपर्णी आणि दाट पाणगवत. फिन गुंतते आणि पोहणाऱ्याचे पायही गुंततात.

• सांडपाण्याचा नाला मिळतो ते तोंड, किंवा पाण्यावर हिरवा साय-साय थर आलेली जागा. शिकणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जाणारच. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

• आपलीच जाळी, गळाच्या दोऱ्या आणि मासे वाढवायचे पिंजरे. नायलॉनचं उभं जाळं फिनला लागलं की जाळं फाटतं आणि माणूस अडकतो. नुकसान दोघांचं. शिकवायच्या पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना रंगीत फ्लोट लावा आणि त्या पट्ट्यात जाळं न टाकण्याचा ठराव बैठकीत करून घ्या.

पायरी ५: दिवस आणि वेळ

नवख्याला साधारण ५ ते १० नॉट, म्हणजे ताशी ९ ते १८ किलोमीटर वारा पुरे. यंत्र नसेल तर पाणी बघा. लहान लाटा, एखाद-दुसरं पांढरं टोक, इथवर ठीक. चहूकडे पांढरी टोकं दिसू लागली की नवख्यांना बाहेर काढा.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत, पाणी भरलेलं असतं आणि वारा बऱ्यापैकी सौम्य. शिकायला हा काळ बरा. एप्रिल-मे मधल्या वळवाचा मात्र भरवसा धरू नका. दुपारनंतर काळा ढग चढला, वारा अचानक पडला आणि गार झुळूक आली, की पुढच्या काही मिनिटांत वावटळ आणि विजा. ढग दिसताच सगळे काठावर. "अजून दहा मिनिटं" ही मागणी त्या वेळी ऐकायची नाही.

पायरी ६: होडी तयार, मगच फळी पाण्यात

मदतीची होडी शिकणाऱ्याच्या वाऱ्याखाली थांबते, कारण तो तिकडेच येणार. होडीत दोर, जास्तीचं लाइफ जॅकेट, शिट्टी आणि चाकू. जवळ जाताना नाक वाऱ्याकडे ठेवा, वेग कमी करा आणि माणूस जवळ आला की इंजिन बंद. पंखा फिरत असताना कुणालाही होडीत चढवायचं नाही. काही तलावांवर इंजिनाच्या होडीला मनाई असते. तिथे वल्ह्याची होडी आणि दोन दमदार माणसं ठेवा, आणि सरावाचा पट्टा आणखी लहान करा.

पहिल्या दिवसासाठी सोपा उपाय: नांगर टाकून फळी १५–२० मीटर दोरीने बांधा. शिकणारा कितीही धडपडला तरी दोरीपलीकडे जात नाही.

शिकणाऱ्याकडून तीन गोष्टी काठावरच पाठ करून घ्या. फळी कधीच सोडायची नाही, कारण ती तरंगते. पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, पाठीवर आडवं पडायचं. मदत हवी असेल तर फळीवर बसून दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करायचे. ही संकटाची खूण जगभर ओळखतात.

लाइफ जॅकेटचा विषय वादाचा नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली आणि १४ जीव गेले. त्यात १२ शाळकरी मुलं होती. तो तलाव शहरातलाच आहे. काठ जवळ दिसतो म्हणून पाणी सोपं होत नाही. "मला पोहता येतं" म्हणणाऱ्यालाही पट्टे बांधूनच उतरवा. यात आपली पोरं आधी येतात, कारण तलावाकाठी वाढलेल्या पोरालाच पाण्याची भीती सगळ्यात कमी असते.

पायरी ७: परवानगी

मासेमारीचा ठेका आपल्याकडे आहे म्हणून पाण्यावरच्या खेळाची परवानगी आपोआप मिळत नाही. आजवा, ग्वाल्हेरचं तिघरा, बेळगावचं राकसकोप ही शहराला पिण्याचं पाणी देणारी ठिकाणं आहेत. अशा जागी पाटबंधारे खातं, महापालिका किंवा पाणीपुरवठा खातं, ज्याचं पाणी असेल त्याला लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या.

ज्या पोरांना हे काम पुढे करायचं आहे, त्यांच्यासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे जीवरक्षणाचं आणि मोटरबोट चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं. होडी आपल्याकडे आहे, पाण्याची ओळख आहे, त्याला प्रमाणपत्राची जोड मिळाली तर मासळी कमी लागते त्या महिन्यांत मदतीच्या होडीचं काम हक्काने मागता येईल.

काठावर उभं राहून विचारायचे सात प्रश्न

१. आज वारा कुठून, आणि वाऱ्याखाली काय आहे?
२. तिथून चालत बाहेर येता येतं का?
३. कमर-छातीचं पाणी किती लांबपर्यंत?
४. तळ या वर्षी तपासला का?
५. तारा, मोटारी, दरवाजे, मगरी, जाळी यांपासून लांब आहे का?
६. वाऱ्याखाली होडी उभी आहे का, तिच्यात माणूस आहे का?
७. सगळ्यांच्या जॅकेटचे पट्टे बांधले का?

एकाही प्रश्नाचं उत्तर "बघू" असं आलं, तर त्या दिवशी फळी काठावरच राहू द्या. वारा उद्याही येणार आहे.