कोलोनचे तीन राजे आणि पवित्र अवशेषांचा प्रश्न



तीन राजांचा सण आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : हे राजे पुढे कुठे गेले? मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडला तर ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत गेले, एवढेच सापडते. ते तीन होते असेही मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन, हा हिशेब नंतरचा. राजेही नव्हेत, पूर्वेकडील ज्ञानी लोक. तरीही जर्मनीतील कोलोन शहरात, ऱ्हाइन नदीच्या काठी, त्यांचे म्हणून मानलेले अवशेष आठशेहून अधिक वर्षे जपले आहेत.

ते तेथे पोहोचले त्याची कथा काही फारशी पवित्र नाही. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११६२ साली मिलान शहर जिंकले. त्याचा मंत्री आणि कोलोनचा आर्चबिशप रायनाल्ड याने ११६४ मध्ये तेथील हे अवशेष आपल्या शहरी आणले. स्पष्ट बोलायचे तर ही युद्धातली लूट होती. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोनने त्यातील काही अस्थी मिलानला परत दिल्या, हेही सांगायला हवे.) त्यांच्यासाठी निकोलस ऑफ व्हर्दून या सोनाराच्या कार्यशाळेत सोन्याने मढवलेली, सुमारे सव्वादोन मीटर लांबीची पेटी घडवली गेली. यात्रेकरूंची रीघ लागली, जुने मंदिर अपुरे पडू लागले आणि १५ ऑगस्ट १२४८ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, नव्या कॅथेड्रलची कोनशिला बसवण्यात आली.

आता खरा प्रश्न. त्या अस्थी बेथलेहेमला गेलेल्या ज्ञानी लोकांच्याच आहेत, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही. मग त्यांच्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांचे काय? त्यांची श्रद्धा वाया गेली का?

योगायोग असा की या प्रश्नाचा विचार करणारा एक तरुण त्याच साली त्याच शहरात आला होता. १२४८ मध्ये संत आल्बर्ट यांनी कोलोनला डॉमिनिकन विद्यापीठ सुरू केले आणि संत थॉमस अक्वायनस त्यांच्यापाशी शिकू लागले. पुढे थॉमस यांनी आपल्या महाग्रंथात अवशेषांचा प्रश्न घेतला, तेव्हा संत ऑगस्टीन यांचाच दाखला दिला : वडिलांची अंगठी किंवा अंगरखा मुलाला प्रिय असतो, मग संतांचे देह तर त्याहून जवळचे. आपल्या घरीही आजीची जपमाळ आपण फेकत नाही. पण त्या मण्यांची प्रार्थना कोणी करत नाही. थॉमस यांचे म्हणणे असे की निर्जीव शरीराचा मान त्या शरीरासाठी नसतो; तो ज्या आत्म्याचे ते शरीर होते त्याच्यासाठी आणि शेवटी परमेश्वरासाठी असतो. मान ज्याच्याकडे जातो तो अस्सल असला, तर पेटीतील हाडांविषयी इतिहासकारांना शंका घेऊ द्यायला आपल्याला भीती का वाटावी? अवशेष खरे ठरवण्यासाठी हमरीतुमरीवर येणारे भाविक आम्ही पाहिले आहेत; ही चिंता श्रद्धेपेक्षा मालकीच्या भावनेतून येते, असे आमचे मत आहे.

मंदिराचे काम मात्र रखडले. वेदीकडचा भाग १३२२ मध्ये अर्पण झाला, आणि सोळाव्या शतकात पैसा व उत्साह दोन्ही आटले. दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी राहिली, ती थेट १८६८ पर्यंत! १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू करताना दगड बसवला तो प्रशियाच्या राजाने, जो प्रॉटेस्टंट होता. १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाले, तेव्हा सरकार आणि ख्रिस्तसभा यांच्या झगड्यामुळे आर्चबिशप मेल्शर्स परागंदा होते. सहाशे बत्तीस वर्षांनी मंदिर पूर्ण झाले आणि मेंढपाळच हजर नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले, भोवतालचे शहर उद्ध्वस्त झाले, मनोरे उभे राहिले.

आपल्यापैकी कोणाची मुले जर्मनीत शिकायला असतील तर त्यांना सांगावे : कोलोनचे रेल्वे स्टेशन कॅथेड्रलला लागूनच आहे. तेथून काही मिनिटे चालले की संत आंद्रेयाच्या चर्चच्या तळघरात संत आल्बर्ट यांची कबर लागते. १५ नोव्हेंबर १९८० रोजी, आल्बर्ट यांच्या निधनाला सातशे वर्षे झाली त्या दिवशी, पोप दुसरे जॉन पॉल कोलोनला आले होते. जवळच फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये डन्स स्कॉटस पुरले आहेत. निष्कलंक गर्भसंभवाची बाजू तर्काने लढवणारे तेच. तीन राजांची पेटी मुख्य वेदीमागे उंचावर आहे. ६ जानेवारीला तिची पुढची फळी काढतात आणि जाळीमागे मुकुट घातलेल्या तीन कवट्या दिसतात.