अठरा तास अभ्यास, आणि नंतरची तीस वर्षे

एप्रिल जवळ आला की वाचनालयांत, महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हाला मनापासून आवडते. वर्षातून एक दिवस अठरा तास बसले म्हणून निरोगी शरीराचे काही बिघडत नाही. पण हाच एक दिवस वर्षाचे ३६५ दिवस करायचा, असे मनाशी ठरवून आपली मुले-मुली अभ्यासिकेत जाऊन बसतात. तिथून या पानाचे काम सुरू होते.

बाबासाहेबांच्या अभ्यासाबद्दल आपण खूप बोलतो, त्यांच्या आजारपणाबद्दल फारसे बोलत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या नसांचे दुखणे त्यांनी वर्षानुवर्षे सोसले. अखेरच्या काळातल्या छायाचित्रांत हातातली काठी दिसते. रात्र-रात्र काम हे त्या दुखण्यांचे एकमेव कारण नव्हते, पण विश्रांतीची उणीव मधुमेहाला आणि रक्तदाबाला मानवत नाही, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. ते काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखे नव्हते, आणि वेळ थोडा होता. आपल्यापुढे मात्र इलाज आहे. शिवाय हेच बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, बागेत रमत होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

महत्त्वाकांक्षा चांगली की वाईट, हा प्रश्न धम्माच्या अंगाने नेहमी निघतो. तृष्णा हे दुःखाचे मूळ, मग कलेक्टर व्हायची इच्छा ही तृष्णाच की, असे विहारात एखादे ज्येष्ठ विचारतात आणि तरुण मुलगा गप्प बसतो. आमच्या मते त्याने गप्प बसायचे कारण नाही. पाली वाङ्मयात दोन वेगळे शब्द आहेत. एक तण्हा, म्हणजे तृष्णा. दुसरा छंद, म्हणजे काम करण्याची ओढ. चार इद्धिपादांत, म्हणजे सिद्धीच्या चार पायांत, पहिलाच पाय छंद आहे. त्यानंतर विरिय, चित्त आणि वीमंसा येतात. वीमंसा म्हणजे आपण करतो आहोत त्याची तपासणी. इच्छा असू द्या, कष्ट असू द्या, पण तपासणी नसेल तर चौथा पाय तुटलेल्या खाटेसारखी गत होते. तृष्णेच्या प्रकारांत एक भवतृष्णा आहे, म्हणजे अमुक ‘होण्याची’ तहान. ‘मला लोकांची कामे करायची आहेत’ आणि ‘मला साहेब व्हायचे आहे’ ही वाक्ये वरून सारखी दिसतात. परीक्षेत अपयश आले की फरक कळतो. पहिल्याला दुसरी वाट सापडते, दुसऱ्याला आपण स्वतःच संपलो असे वाटते.

सोण कोळिविसाची कथा इथे उपयोगी पडते. चंपानगरीचा हा श्रीमंत घरचा, नाजूक तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता पायांतून रक्त येईपर्यंत चालला. तरी हाती काही लागेना, तेव्हा त्याला घरी परत जावे असे वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला तारांविषयी विचारले. तार फार ताणली तर सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही, हे त्याचे त्यालाच कबूल करावे लागले. या कथेतला पुढचा भाग बरेचदा राहून जातो. तथागतांनी सोणाचे ध्येय लहान केले नाही. ध्येय तेच ठेवून ताण तेवढा बदलायला लावला, आणि पुढे सोण अर्हत झाला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, कुठेही पाहा, अभ्यासिका भरलेल्या आहेत. सोयाबीन-कपाशीच्या भरवशावर घर चालत नाही, मोठा कारखाना जवळ नाही, म्हणून सरकारी नोकरी हीच एक वाट दिसते. काही जण पुण्याला खोली घेतात, काहींना बार्टीच्या प्रशिक्षणाचा आधार मिळतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गाला सहा संधी असतात, इतर मागासवर्गाला नऊ. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत संधींची मर्यादा नाही. बौद्धांना केंद्रात हा हक्क १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. तो मोलाचाच आहे. पण नियम थांबवत नाही म्हणून माणूस थांबत नाही, असेही होते. बाविसाव्या वर्षी बसलेला मुलगा चौतिशीत तिथेच असतो. लग्न लांबलेले, वडील थकलेले, गावात गेले की पारावर पहिला प्रश्न, “काय रे बाबू, लागला का कुठी नोकरीले?” मग तो गावी जाणेच बंद करतो. आम्हाला परीक्षेतल्या अपयशापेक्षा या गावी न जाण्याची काळजी अधिक वाटते, कारण एकटे पडणे ही खचण्याची पहिली खूण असते.

म्हणून थांबण्याची तारीख आपणच आधी ठरवावी, आणि मन ताजे असताना वहीत लिहून ठेवावी. निकालाच्या रात्री घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. किती वर्षे पूर्ण वेळ अभ्यास, त्यानंतर कोणते काम धरून अभ्यास, हे घरच्यांना बसवून सांगावे. थांबणे म्हणजे सोडणे नव्हे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तकांचे सामान घेऊन येणारे जहाजही बुडाले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. मधली तीन वर्षे नोकरी केली म्हणून त्यांना कुणी हरलेला म्हणत नाही.

अभ्यासाच्या वर्षांत शरीराकडे कसे पाहायचे? झोप सात तासांखाली नेऊ नये. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच, तेव्हा झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे भोकाच्या बादलीत भरलेले पाणी. जेवणाची वेळ ठरलेली असावी. शेगावची कचोरी चविष्ट खरी, पण रोजच्या दुपारच्या भाकरी-डाळीची जागा ती घेऊ शकत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सतत थकवा, दम लागणे, लक्ष न लागणे याला घरात आळस म्हणतात. आधी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पोलीस भरतीला उतरणाऱ्यांनी १६०० मीटर किंवा ८०० मीटर धावण्याची तयारी काही महिने आधीपासून हळूहळू वाढवावी. ऐन भरतीच्या आठवड्यात कुणी सांगितलेली पावडर किंवा इंजेक्शन घेऊ नये.

मनाचेही तसेच. दोन आठवडे रोज उदास वाटणे, कशातच रस न उरणे, झोप किंवा भूक बिघडणे, आपण घरावर ओझे आहोत असा विचार पुन्हा पुन्हा येणे, ही उपचाराची वेळ आहे. मरणाचा विचार एकदा जरी मनात आला तरी दोन आठवडे वाट पाहू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाबद्दल विचारावे. आईवडिलांनी अशा वेळी अमक्याच्या मुलाचे उदाहरण देऊ नये. “तू महत्त्वाचा, परीक्षा नंतर” एवढे म्हटले तरी खूप झाले.

नोकरी लागली की काळजी संपली असे घराला वाटते. खरे तर तिथे दुसरा ताण सुरू होतो. घरातला पहिला पगारदार म्हणजे भावाची फी, बहिणीचे लग्न, गावातले घर, जयंतीची वर्गणी, सगळे त्याच्याच नावावर. ऑफिसात ‘हा कोट्यातला’ ही नजर असते, म्हणून तो इतरांपेक्षा दुप्पट काम करून दाखवतो, रजा घेत नाही, चूक होऊ देत नाही. ही धडपड आम्ही समजू शकतो, पण तिची किंमत हृदय मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तेव्हा तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासावी. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त, किंवा साखर १२६ वा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरकडे जावे. काही त्रास होत नाही, म्हणून गोळी बंद करू नये.

चाळिशीनंतरचे दुखणे बढतीचे. यात एक फरक नीट ओळखावा लागतो. आपण कमी पडल्यामुळे न मिळालेली बढती वेगळी, आणि वाटच अडवल्यामुळे न मिळालेली वेगळी. पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरवले, आणि अनेकांचे वर्षांचे हिशेब कोलमडले. असा माणूस रात्री जागून स्वतःलाच दोष देत असेल तर तो दुसऱ्याचे ओझे आपल्या छातीवर घेतो आहे. त्या अन्यायाची जागा संघटनेच्या बैठकीत आणि कोर्टात आहे. चारचौघांबरोबर लढलेला माणूस हरला तरी एकटा कुढणाऱ्यापेक्षा बरा झोपतो, असे आम्ही आजूबाजूला पाहतो. दारू हा या कुढण्यावरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय. पंचशीलाचा पाचवा नियम विहारात म्हणून घरी मोडणारे याच वयात जास्त दिसतात.

राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची निवृत्ती ५८ व्या वर्षी येते. ज्यांची सगळी ओळख खुर्चीशी बांधलेली असते, त्यांना पहिले सहा महिने जड जातात. फोन वाजत नाही, सकाळ लांबते, चिडचिड वाढते. यावर निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधीच काही सुरू करावे. आपल्या गावच्या अभ्यासिकेला गणित, इंग्रजी किंवा मुलाखतीची तयारी शिकवणारे कुणी नसते. आठवड्याचे दोन दिवस तिथे द्यावेत, आणि शक्य असेल तर घरापासून चालत जावे. अर्धा तास चालणेही त्यातच होते. तिथल्या एखाद्या चौतिशीतल्या मुलाला बाजूला घेऊन, त्याने वहीत थांबण्याची तारीख लिहिली आहे का, हेही विचारावे.