ॲडॅप्टर घेतोयस ना? मग आधी ऐक

बाळा, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवलंस, छान केलंस. आता वाय-फायचं यूएसबी ॲडॅप्टर आणायला मारुती मंदिराकडे धावशील, तुला दम कुठला! आधी आत्याचं एवढं ऐक.

१. दुकानात कंपनी नंतर विचार, चिप आधी — नाव खोक्याचं, काम चिपचं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली. वरचं नाव तेच.

२. मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू मिळाली तर घे — पहिलीचा ड्रायव्हर ४.१९ पासून आणि दुसरीचा ५.१८ पासून कर्नलमध्येच आहे. फर्मवेअरचं पॅकेज तेवढं असू दे.

३. लावल्याबरोबर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालव आणि आयडीपुढचे कोलनने जोडलेले दोन कोड वहीत लिही — मदत मागशील तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो.

४. ॲडॅप्टर सीडीसारखं दिसलं तर परत करायला पळू नकोस — काहींच्या पोटात विंडोजचे ड्रायव्हर असतात, यूएसबी-मोडस्विच त्यांना खऱ्या कामाला लावतं.

५. बाहेरचा ड्रायव्हर बसवावाच लागला तर डीकेएमएसने बसव, कर्नलचे हेडर्सही घे — नाहीतर कर्नल अपडेट झाला की नेट जातं, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. जुना कर्नल लगेच काढू नकोस, बूट मेनूतून त्यावर परतता येतं. सिक्युअर बूट चालू असेल तर रीस्टार्टनंतर निळा पडदा पासवर्ड मागेल. तिथे घाईने पुढे गेलास तर ड्रायव्हर चालणारच नाही.

६. फोनची डेटा केबल टेबलाच्या खणात ठेव — यूएसबी टेदरिंग बहुतेक लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. केबल हाताशी, तर नेट उशाशी.

७. ॲडॅप्टर एक्स्टेंशन केबलवर लावून खिडकीशी किंवा दाराशी आण — आपल्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल गिळतात, शिवाय यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झला त्रास देतो.

८. काम झालं की काढून घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेव — मांडवीची खारी हवा धातूच्या टोकांना सोडत नाही. आणि विजा कडाडायला लागल्या की लॅनची तारही काढ, नुसता प्लग काढून भागत नाही.