रक्त थांबलं म्हणजे हिरडी बरी झाली असं नाही

"हिरड्यांतून रक्त यायचं, मिसरी लावायला लागले आणि थांबलं." नायगावच्या वस्तीत असो की आसपासच्या खेड्यात, हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई सापडणं कठीण. सासू सुनेला सांगते, सून पुढे लेकीला. बोलणारीचा अनुभव खोटा नसतो, रक्त खरंच थांबतं. ते का थांबतं, एवढंच या वेळी समजून घेऊ.

तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली की मिसरी तयार होते. कुणी तिला मशेरी म्हणतं. भाजल्याने तंबाखूचा गुण जात नाही. तिच्यातलं निकोटीन हिरडीला लागलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून रक्त कमी येतं, लाली आणि सूजही कमी दिसते. आजार आत चालूच राहतो, फक्त धोक्याची घंटा वाजायची थांबते. पुढे चाळिशीत दात हलायला लागले की "आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात" असं म्हटलं जातं. घराण्याचा थोडा वाटा असेलही, पण त्याच घराण्यात मिसरीची डबीसुद्धा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असते.

आता आजार काय ते पाहू. जेवल्यानंतर दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर एक मऊ, चिकट थर जमतो. त्यात लाखो जंतू असतात. थर रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येतं. काही दिवसांत तोच थर लाळेतल्या क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होतो. हे किटण. ते ब्रशने निघत नाही. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. यालाच आपल्याकडे पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड सहसा पुन्हा भरून येत नाही.

पहिल्या पायरीवर मात्र आजार पूर्ण बरा होतो. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे एक प्रयोग झाला, तो 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं, तेव्हा साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध काही नव्हतं, फक्त थर काढला. म्हणून रक्त आलं की ब्रश बंद करायचा नाही. उलट मऊ ब्रशने तीच जागा रोज नीट घासायची. दोन आठवड्यांनीही रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जायचं.

घासण्याची रीत सोपी आहे. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा आणि हलक्या हाताने हिरडीकडून दाताच्या टोकाकडे न्या. आतली बाजू आणि मागच्या दाढा बहुतेकांच्या राहून जातात. दोन मिनिटं लागतात, पाणी पेलाभर पुरतं. सकाळचं घासणं कुणी चुकवत नाही, पण हिरडीसाठी रात्री झोपण्याआधीचं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराईड असलेली. ब्रश प्रत्येकाचा वेगळा, दर तीन महिन्यांनी नवा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना गाठोड्यात तो आठवणीने टाका, पाच-सहा महिने फार असतात.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात, पण वरचं कवच खरवडलं जातं आणि हिरडी सोलते. लिंबाची काडी चालेल, टोक चावून मऊ केलेलं हवं. दंतकाष्ठ आपल्याला नवं नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना ते वापरायची अनुमती दिली आहे. न वापरल्याचे पाच तोटे सांगितले आहेत, तोंडाला दुर्गंधी येणं त्यातलाच एक. काडी किती लांब असावी, हेही तिथे ठरवून दिलं आहे! फक्त दातांच्या फटीत काडी नीट पोचत नाही, म्हणून निदान रात्री ब्रश असावा.

घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल तर जास्त लक्ष द्या. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांत पू असला की साखरही आटोक्यात येत नाही. गरोदरपणात हिरड्या सहज सुजतात. त्या काळात दातांना हात लावू नये, हा समज चुकीचा आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार आरामात घेता येतात.

दुसरा जुना समज म्हणजे, डॉक्टरने दात साफ केले की ते हलतात. हलायला ते आधीच लागलेले असतात, किटणाने ते नुसते अडकवून धरलेले असतात. किटण निघालं की खरी स्थिती कळते. काही दिवस थंड पाणी झोंबतं, मग थांबतं. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी दुखणं दबेल, किटण निघणार नाही.

नायगावच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते आधी विचारून घ्या. पुढच्या उपचारांसाठी नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे दंत महाविद्यालयंही आहेत.

मिसरीचं काय? दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोणता कायदा लागणार? 2016-17 च्या पाहणीत राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार वापरत होते. एकदम सुटत नसेल तर आधी रात्रीची मिसरी बंद करून तिथे ब्रश आणा, मग दुपारची. सोडल्यावर काही दिवस हिरड्यांतून रक्त जास्त येऊ शकतं. घाबरून पुन्हा डबी उघडू नका, झाकलेला आजार दिसायला लागला आहे, एवढंच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर वाट न पाहता दाखवा, कारण ही कॅन्सरची सुरुवात असू शकते. तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.