टाक्यांचे गणित

स्त्रियांनी शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून महर्षी कर्वे यांनी 1900 मध्ये आपला आश्रम हिंगण्याला आणला. तेच आजचे पुण्यातील कर्वेनगर. समजा, तेथील एक बाई भरतकामाचे संच तयार करून विकतात. संचात मॅटीचे कापड, सुई, चौकटींवर काढलेला नमुना आणि रंगीत धागे असतात. प्रत्येक रंगाचा धागा किती द्यावा? कमी पडला तर गिऱ्हाइकाचे काम अडते. निराळ्या वेळी रंगवलेल्या धाग्याची छटा जुळेलच असे नाही. जास्त दिला तर नफा जातो.

हिशेब करू. चौकटीची बाजू 2 मिमी धरा. फुलीचा टाका ओळीने भरताना पुढे 2.8 मिमीचे दोन कर्ण दिसतात, मागे दोन बाजू. बेरीज सुमारे 10 मिमी. म्हणजे 2000 टाक्यांना 20 मीटर धागा हवा. लडी 8 मीटरची, सहा पदरी असते. दोन-दोन पदर घेतले तर तिच्यातून 24 मीटर मिळतात. मग एक लडी पुरेल? शेवट अडकवणे आणि उरलेली टोके यांसाठी पाव हिस्सा जादा धरा. झाले 25 मीटर. लडी अपुरी पडली!

आता चौकट 2.5 मिमीची घ्या. टाके तेवढेच, पण धागा सव्वापट लागेल आणि कापड दीडपटीहून अधिक. असे का? वहीत मांडून पाहा.